बैलाला दहापैकी चार

आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांइतका म्हशीला मान देणारा माणूस उभ्या सोलापूर जिल्ह्यात झाला नाही आणि होणारही नाही, हे मी कुठल्याही व्यासपीठावर उभी राहून सांगायला तयार आहे. जिल्ह्यात म्हशी पुष्कळ आहेत, त्यांच्या जिवावर जगणारी माणसं त्याहून जास्त आहेत, पण समोर म्हैस आली की चष्मा पुसून, हात मागं बांधून दहा मिनिटं तिच्याकडं नुसता बघत राहणारा माणूस मी एकच पाहिला. म्हशींनाही या वागणुकीची सवय नसावी. नवीन म्हैस असली तर ती आधी मान वळवून मागं बघायची, हा गृहस्थ आपल्या पाठीमागच्या कुणाकडं तरी बघत असणार म्हणून. मागं कुणी नाही अशी खात्री पटली की मग ती जरा ताठ उभी राहायची.

मी त्या शाळेत घड्याळी तासिकेवर मराठी शिकवायला लागले तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. शाळा होटगीच्या पुढं, जिथं मराठी बोलता बोलता माणसं नकळत कानडीत शिरतात त्या भागातली. माझ्या वडिलांनी आयुष्यभर कामगार संघटनेची पत्रकं लिहिली आणि वाटली. आमच्या घरात मी बाराखडीच्या आधी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. त्यामुळं शाळेत पाऊल ठेवताच मी अन्याय शोधू लागले, आणि पहिल्याच आठवड्यात मला तो सापडला असं वाटलं. भर उन्हात सातवीची चाळीस मुलं कुणाच्या तरी गोठ्यासमोर पाटी-पुस्तकाविना बसवलेली होती. मी तावातावानं तिथं गेले आणि बारीक अंगाच्या, बाहीला शेण लागलेल्या एका माणसाला विचारलं, की ही मुलं इथं कुणाच्या कामाला जुंपली आहेत. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजत म्हणाला, "बाई, हळू बोला की. आता कुटं तिनं कान खाली पाडलेत." ती म्हणजे म्हैस. मुलं तिचे कान काढत होती.

सरांचं आयुष्यात एकच वैर होतं, आणि ते दोन डोंगरांशी होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला कागद दिला की तो दोन डोंगर काढतो, मधे सूर्य, खाली नदी, नदीकाठी कौलारू घर आणि शेजारी नारळ. हे चित्र दिसलं की सर त्या मुलाला उभं करून पोलिसी चौकशी करायचे. "डोंगर कुटं बघितलास?" मुलगा गप्प. "सोलापुरातनं निघून किती कोस गेल्यावर डोंगर लागतोय?" मुलगा गप्प. "आन् ह्यो नारळ? ह्यो कुणाच्या बापानं लावलाय तुज्या गावात?" एकदा एका मुलानं धीर करून सांगितलं की नारळ देवळात बघितलाय. सर म्हणाले, "मग फोडलेला काड." मला हे सगळं फार पटलं. ज्या मुलानं जन्मात सपाट जमीन आणि बाभळीशिवाय काही पाहिलं नाही, त्याच्या वहीत दुसऱ्याचा डोंगर येतो कुठून, हा साधा प्रश्न आपल्या शिक्षणाला कुणी विचारत नाही. सर विचारायचे. फक्त ते तो सहावीतल्या पोरांना विचारायचे, ही एक अडचण होती.

डोंगर नको म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा अभ्यासक्रम बनवला होता आणि तो गावातल्या जनावरांमध्ये वाटून दिला होता. छायाप्रकाश म्हशीकडं, कारण तिच्या अंगावर ऊन पडल्यावर काळ्याचे किती प्रकार असतात ते कळतं. रंगसंगती कोंबड्याकडं. झरझर रेघा मारून करायचं स्केचिंग शेळीकडं, कारण ती थांबत नाही. स्मरणचित्र कोंबडीकडं, कारण तुम्ही पेन्सिलीला टोक करेपर्यंत ती गेलेली असते. जवळचं मोठं आणि लांबचं लहान कसं दिसतं, हे शिकवायचं काम त्यांनी एका गाढवावर सोपवलं होतं. ते गाढव नेहमी माणसांकडं पाठ करूनच उभं राहायचं, त्यामुळं त्याचं डोकं मुळातच लांब आणि बारीक दिसायचं. "जन्मजात गुण हाय त्याच्यात," सर कौतुकानं म्हणायचे. सदऱ्याच्या एका खिशात खोडरबर आणि दुसऱ्या खिशात सरकीची पेंड असायची. तास संपला की उभ्या राहिलेल्या जनावराला ते मूठभर पेंड द्यायचे, आणि घाईच्या दिवशी एखाद्या मुलाला खोडरबराऐवजी पेंडही द्यायचे.

या अभ्यासक्रमाचे काही तोटे होते, ते मी लपवणार नाही. एका श्रावणात शेळीचं स्केचिंग चालू असताना शेळी सुटली आणि तिनं तपासायला ठेवलेले अठरा कागद खाल्ले. दुसरा कुणी असता तर त्यानं सगळ्यांना सरसकट पास केलं असतं. सरांनी गुणपत्रकात अठरा नावांपुढं स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'चित्र शेळीने खाल्ले.' पुढं तपासणीला आलेले साहेब ते पान वाचता वाचता थांबले. त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" सर म्हणाले, "शेरा हाय, साहेब." साहेबांनी विचारलं, की मग एकोणिसाव्या मुलाचं का नाही खाल्लं. सर म्हणाले, "ते मी पण बघितलं. त्यानं डोंगर काढले होते."

म्हशीचं प्रकरण याहून लांबलं. पावसानं गोठ्यासमोर चिखल झाला म्हणून सरांनी म्हशीलाच आठवीच्या वर्गात आणायचं ठरवलं. म्हैस अक्कलकोटकडून आणलेली होती, तिला मराठी यायचं नाही. तिला उभं करायला सगळा वर्ग 'निल्लु' म्हणायला शिकला. कानडीत 'थांब' म्हणायचं तर निल्लु. ती आली आणि थांबली. तास संपला तरी थांबली. शाळेत चालू असलेला एकुलता एक पंखा आठवीच्या वर्गात आहे, हे तिला दहा मिनिटांत कळलं होतं; आम्हा शिक्षकांना ते कळायला एक सत्र लागलं होतं. निल्लुच्या उलट काय म्हणायचं ते सरांना ठाऊक नव्हतं. मग इंग्रजीचा तास म्हशीसमोर झाला. त्यानंतर आलेल्या विज्ञानाच्या बाईंनी रवंथाचा धडा काढला, आणि तो धडा त्या वर्षी कुणाचाच चुकला नाही. शेवटी मालकाची आजी आली, दारातूनच दोन कानडी शब्द बोलली, आणि म्हैस उठून तिच्यामागं गेली. सरांनी ते दोन शब्द लिहून घेतले. पुढं कळलं की आजी ते म्हशीला नव्हे, सरांना बोलली होती.

माझे आणि त्यांचे वाद रोज व्हायचे. मी म्हणायचे, की सर, चित्रकलेनं कष्टकऱ्यांचं जगणं दाखवलं पाहिजे, तुम्ही मुलांना गुरांमध्ये अडकवून ठेवलंय. ते डबा उघडता उघडता विचारायचे, "मग म्हैस काय पेन्शनवर हाय काय?" मग मला त्यांचा राग यायचा, कारण त्यांचं बरोबर असायचं. त्यांच्यापाशी एकच पुण्याई आहे असं ते मानायचे: नोकरीच्या तीस वर्षांत दिलेला गुण त्यांनी कधी बदलला नव्हता. सरपंचाच्या मुलासाठी नाही, मुख्याध्यापकांच्या भाचीसाठी नाही. स्वतःच्या मुलीला त्यांनी दहापैकी पाच दिले होते, आणि ती लग्न होऊन दोन मुलांची आई झाली तरी सणाला आली की एकदा तरी तो विषय काढायची.

मग ती कारहुणवी आली. बाकीचा महाराष्ट्र पोळ्याला बैल सजवतो, आमच्याकडं दक्षिण सोलापुरात तो मान ज्येष्ठातल्या कारहुणवीला. शिंगं रंगवायची, अंगावर ठिपके आणि नक्षी काढायची, संध्याकाळी मिरवायचं. शाळा नुकती उघडलेली असते. सरांना त्या वर्षी सुचलं, की एवढा मोठा कॅनव्हास घरोघरी चार पायांवर उभा असताना कागद कशाला. त्यांनी फळ्यावर गृहपाठ लिहिला, 'आपापला बैल रंगवणे. घरी येऊन तपासला जाईल.' ज्यांच्याकडं बैल नाही त्यांनी शेळी रंगवावी, शेळी नसेल तर शेजाऱ्याशी भांडण मिटवून त्याचा बैल मागावा, अशीही सूचना होती. त्यामुळं गावातली दोन जुनी भांडणं मिटली. एका घरी बैल विकून ट्रॅक्टर घेतला होता, तिथल्या मुलानं ट्रॅक्टर रंगवला. सरांनी तो तपासला नाही. "हे स्थिरचित्र हाय," ते म्हणाले, "ते पुढच्या महिन्यात."

सणाच्या दुपारी सर घरोघरी गेले. बरोबर मी होते, कारण माझं जेवण दोन घरी ठरलेलं होतं. बैल बघायचे, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, मग खाली वाकून. आणि मग गुण द्यायचे. चित्र कागदावर असलं की गुण कागदावर देतात. चित्र बैलावर होतं, म्हणून त्यांनी गुण बैलावर दिले. खडू बैलावर उमटेना. पण शिंगांसाठी आणलेला लाल ऑइल पेंट प्रत्येक अंगणात होताच. त्यात ब्रश बुडवून सरांनी बैलाच्या मागच्या पुठ्ठ्यावर, सुबक आकड्यांत, खाली रेघ ओढून, आठ छेद दहा, सात छेद दहा असे गुण घातले. तीस वर्षं लाल शाईनं वह्या तपासलेल्या माणसाचा हात तो. ऑइल पेंट पाण्यानं निघत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार, पण त्या क्षणी ते फक्त शिक्षक होते.

संध्याकाळी मिरवणुकीत सगळ्या गावानं निकाल वाचला. आठवाल्या बैलांचे मालक पुढं चालायला लागले. सातवाले त्यांच्याशी हुज्जत घालायला लागले. आणि सगळ्यात मागं मल्लूअण्णांचा राजा होता, पांढराशुभ्र, भारदस्त, अख्ख्या गावात देखणा, आणि त्याच्या पुठ्ठ्यावर दहापैकी चार. आठवीतली पल्लवी ही मल्लूअण्णांची मुलगी. बैल तिनं रंगवला होता.

खरी आफत पंधरा दिवसांनी आली. मल्लूअण्णा राजाला बाजारात घेऊन गेले, त्याच्या जागी तरणा बैल घ्यायचा होता म्हणून. गिऱ्हाईक आलं, दात बघितले, खुरं बघितली, मागं गेलं आणि थांबलं. "दहापैकी चार? बाकीचे सहा कशात गेले, चालण्यात का नांगरण्यात?" दुसरा म्हणाला, "नापास बैल घेऊन मी काय करू, शिकवणी लावू?" बाजारभर हसं झालं. मल्लूअण्णा राजाला घेऊन परतले ते घरी न जाता थेट शाळेत आले. बैल मैदानात आणि मालक ऑफिसात.

"मास्तर, माजा बैल नापास केलाव तुमी."

"बैल न्हाय अण्णा, रंग. शिंगांचा रंग ओघळून डोळ्यापर्यंत आलाय, बघा की. बैलाला माझ्याकडनं दहापैकी दहा."

"मग ते दहा कुटं लिवलाव?"

"बैल काय तुमच्या पोरीनं काढलाय काय, त्याला गुण द्यायला?"

हे बोलणं बिनतोड होतं, आणि म्हणूनच फार महागात पडलं. दुसऱ्या दिवशी शाळा समितीची बैठक बसली. आधी शेळी, मग म्हैस, आता बैल, अशी यादी अध्यक्षांनी वाचली. गणिताचे सर नवीन वेळापत्रक आखूनच आले होते: चित्रकलेचे आठवड्याचे दोन तास काढायचे आणि शिष्यवृत्तीच्या गणिताला द्यायचे, पाचवीपासून आठवीपर्यंत. कुणी आवाज चढवला नाही. मुख्याध्यापक सरांना म्हणाले, "सोमवारी मैदानावर, सगळ्यांसमोर त्या चारचे दहा करा. अण्णा तक्रार मागं घेतील, तास राहतील. नाहीतर माझ्या हातात काही नाही." सरांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. ते छत्री विसरून निघून गेले.

मी मात्र पेटले. मधल्या सुट्टीतच पत्रक लिहायला घेतलं. मथळा होता, 'कलेच्या गुणांवर बाजाराची जबरदस्ती: जाहीर निषेध.' खाली सात परिच्छेद, प्रत्येकात किमान एक 'आम्ही खपवून घेणार नाही'. आज बैलाचे गुण बदलतील, उद्या इतिहासाचे बदलतील, असं एक वाक्य होतं, ते मला अजून आवडतं. शनिवारी मी ते सरांच्या हातात दिलं. त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं.

"बाई, 'निषेध' कडेला चिकटलाय की."

"सर, मजकूर वाचा."

"वाचतो. पण निषेधाला जागा लागती. चारी बाजूनं कागद मोकळा सोडायचा, मग तो दिसतोय." खिशातून लाल पेन काढून त्यांनी कोपऱ्यात सहा छेद दहा लिहिलं आणि कागद परत दिला. मी विचारलं, की सोमवारी तुम्ही काय करणार. ते म्हणाले, "बघू की." मला वाटलं, हा माणूस वाकणार नाही. मी पत्रकाच्या दोनशे प्रती काढून आणल्या, 'निषेध' मधोमध घेऊन.

सोमवारी प्रार्थनेनंतर राजा मैदानात उभा होता. मल्लूअण्णा बाजूला, पल्लवी रांगेत मान खाली घालून, समितीची माणसं खुर्च्यांवर. पिशवीत दोनशे पत्रकं घेऊन मी पायरीवर उभी. सर आले, इस्त्रीच्या सदऱ्यात. हातात लाल पेंटचा डबा होता आणि दुसरा पांढऱ्या रंगाचा. त्यांनी बैलाच्या पुठ्ठ्यावर हात फिरवला, 'निल्लु' म्हणाले, बैल मराठी असूनही थांबला. पांढऱ्या रंगानं त्यांनी चार झाकला. तो वाळेपर्यंत मुलांना बैलाच्या खांद्याची हाडं कशी जोडलेली असतात ते शिकवलं, कारण वेळ फुकट कशाला घालवायचा. आणि मग लाल रंगात, फार सावकाश, दहा लिहिलं. दहा छेद दहा. अध्यक्षांनी टाळी वाजवली. मल्लूअण्णांनी येऊन सरांचा हात धरला आणि म्हणाले, "मास्तर, राग नगा धरू. बैल लई चांगला हाय वो." सर म्हणाले, "मला ठावं हाय की, अण्णा."

मुलं वर्गात गेली तशी पल्लवी मागं राहिली. ती सरांजवळ येऊन हळूच काही बोलली; ते तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. "सर, ओघळलंच होतं. पोळ्या खायच्या होत्या, मी घाई केली."

"माज्या वहीत चारच हाईत," सर म्हणाले.

"व्हय, सर," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. पळत गेली.

शाळा सुटल्यावर मी सरांना होटगीच्या रस्त्यावर गाठलं आणि जे सुचेल ते बोलले. तीस वर्षांचं तत्त्व तुम्ही एका सकाळी पुसलंत, उद्या तुमच्यावर कोण विश्वास ठेवेल, माझी दोनशे पत्रकं पिशवीतच राहिली. ते ऐकत होते. बोटांवरचा लाल रंग रुमालानं पुसत होते, तो निघत नव्हता. स्टॉप जवळ आल्यावर म्हणाले, "बाई, तत्त्व माजं होतं. तास पोरांचा हाय." आणि स्टॉपवर बस लागलेली होती त्यात ते चढले. खिडकीतून त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या दिवशी मी ती पत्रकं घरी नेली आणि वडिलांनाही दाखवली नाहीत.

पुढच्या मे महिन्यात सर निवृत्त झाले. त्यांच्या जागेवर कुणी आलं नाही. जागा भरायची परवानगी नाही, असं सांगतात. ते शहरात मुलीकडं राहतात, चौथ्या मजल्यावर. तास वेळापत्रकावर राहिले, म्हणून ते कुणाला तरी द्यायला हवे होते. मुख्याध्यापकांनी ते मला दिले. मराठीला आणि चित्राला दोन्हीला पेन्सिल लागते, असं त्यांचं म्हणणं. मला सरळ रेघ येत नाही. मी मुलांना गोठ्यासमोर नेते आणि सांगते, आधी बघा. त्यापुढं काय सांगायचं ते मला माहीत नाही, म्हणून मीही बघत बसते. पोरं एकमेकांचे कागद बघून हसतात आणि दुरुस्त करतात.

दर शुक्रवारी संध्याकाळी सरांचा फोन येतो. तब्येत वगैरे काही नाही. "तास झाला का?" एवढंच विचारतात. मी म्हणते, झाला. मग ते फोन ठेवतात. मागच्या शुक्रवारी सराव परीक्षा होती म्हणून तास गणिताच्या सरांनी घेतला होता. मी नाही म्हणायला पाहिजे होतं, म्हणाले नाही, दमले होते. फोन आला. "तास झाला का?"

"झाला, सर."

का कोण जाणे, त्या दिवशी त्यांनी पुढं विचारलं. "काय काढलं पोरांनी?"

"रेडकू," मी म्हणाले.

"बसलेलं का उभं?"

"बसलेलं."

"मग बरं," ते म्हणाले. मागं लिफ्टचा आवाज येत होता.

सोमवारी सकाळी मी माझा मराठीचा तास मोडून आठवीला गोठ्यासमोर नेलं. रेडकू उभं होतं. मुलांनी पेन्सिली काढल्या. मी त्यांना थांबा म्हणाले, ते बसू दे. ते बराच वेळ बसलं नाही. आम्ही थांबलो.